डुलकीकाकांचे अकरा धागे

बंद पडलेल्या लिफ्टमध्ये माणूस अडकला की तो आधी बटणं दाबतो, मग दार ठोठावतो, मग मनातल्या मनात सगळ्यांची क्षमा मागतो आणि शेवटी तो लाल ठिपका दाबतो. त्या लाल ठिपक्याच्या दुसऱ्या टोकाला ती बसायची. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत बाकी तेरा माणसं होती आणि तेराही जण तिला ताई म्हणायचे. त्यातले चौघे तिच्यापेक्षा वयानं मोठे होते, पण अडकलेल्या माणसाला वय सुचत नाही.

तिचं काम सांगायला सोपं होतं. माणूस घाबरला असेल तर त्याच्याशी बोलत राहायचं आणि बोलता बोलता दुसऱ्या फोनवरून जवळचा मेकॅनिक गाठायचा. त्यासाठी तिच्याकडे एक जाडजूड वही होती. कुठल्या इमारतीत किल्ली कुणाकडे असते, कुठल्या पहारेकऱ्याला ऐकायला कमी येतं, कुठल्या लिफ्टला नुसता खांदा लावला तरी ती सरळ होते, हे सगळं त्या वहीत. सकाळी नऊला यायचं, पाचाला निघायचं, साडेपाचाच्या आत पाळणाघर गाठायचं. तिथे दीड वर्षाची एक चिमुरडी दाराच्या जाळीला नाक लावून उभी असायची. संध्याकाळी चारला नवरा वर्तमानपत्राच्या छापखान्यात जायचा तो उत्तररात्रीच उगवायचा. म्हणजे संसाराचं घड्याळ एवढं घट्ट जुळवलेलं होतं की मध्ये कुणी शिंकलं तरी काटा सरकावा.

आणि मग कंपनीत जोडणीतज्ज्ञ आले.

मोठ्या बाईंनी, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाईंनी, त्यांना कुठल्यातरी परिषदेत ऐकलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की जुनी ऑफिसं म्हणजे जिने आणि नवी ऑफिसं म्हणजे जाळी. लिफ्टच्या कंपनीत येऊन जिन्याची निंदा करणारा माणूस सगळ्यांना पहिल्या दिवशी फार आवडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मधल्या भिंती पाडल्या. तिसऱ्या दिवशी ‘आपण इथे का आहोत?’ हा प्रश्न विचारून सगळ्यांना एकेक कागद दिला. मेकॅनिक लोकांनी ‘पगारासाठी’ असं लिहिलं, ते कागद परत आले. चौथ्या दिवशी सगळ्यांचा मिळून एक उद्देश ठरला: ‘आम्ही माणसांना उंचीशी जोडतो.’ तो दारावर लावला. दारातून आत येणाऱ्या टपालवाल्यानं तो दोनदा वाचला आणि विचारलं, “इथे लिफ्टवाले होते ना हो? गेले का?”

पाचव्या दिवशी त्यांची नजर वहीवर गेली.

“हे ज्ञान एकाच व्यक्तीकडे का साचलंय?” त्यांनी वही दोन बोटांत धरून विचारलं, मेलेला उंदीर धरावा तशी.

“मी फोनवर बसते ना, म्हणून.”

“ज्ञान वाहतं असावं, ताई. साचलं की त्याला वास येतो.”

वास येऊ नये म्हणून त्यांनी वहीची शिवण उसवली आणि पानं सगळ्यांना वाटली. प्रत्येकाच्या वाट्याला अकरा-बारा पानं आली. कुणाला कुठली, याची यादी करायची राहिली, कारण यादी म्हणजे पुन्हा जुनी पद्धत. भांडारवालीनं, म्हणजे सुटे भाग सांभाळणाऱ्या बाईनं, आपली पानं टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातली. “वाहतं ज्ञान,” ती म्हणाली, “निदान टेबल तरी स्थिर झालं.”

तेव्हापासून फोन आला की ताई एकीकडे अडकलेल्याशी बोलायची आणि दुसरीकडे हातवारे करत पानं शोधत हिंडायची. पण कुरकुरली नाही. नव्या नवरीला आणि नव्या योजनेला वर्षभर काही बोलू नये, असं तिची आई म्हणायची.

खरी गंमत पुढच्या सोमवारी झाली. जोडणीतज्ज्ञांनी भिंतीएवढा बोर्ड आणला. त्यावर चौदा जणांच्या नावाच्या चौदा टाचण्या. प्रत्येकाला पाच चिठ्ठ्या. “ज्यांच्यावाचून तुमचं काम अडतं अशा पाच जणांची नावं गुपचूप लिहा. मी धागे बांधीन. आणि मग आपल्याला दिसेल की या कंपनीचं हृदय नेमकं कुठे आहे.”

मंगळवारी सकाळी बोर्डावर लोकरीचे सत्तर धागे ताणलेले होते. मोठ्या बाईंना तेरा, कारण चिठ्ठ्या गुपचूप असल्या तरी मोठ्या बाई मोठ्या होत्या. त्यांच्याखालोखाल, अकरा धाग्यांनिशी, कंपनीचं हृदय ठरले डुलकीकाका.

डुलकीकाका खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे. छत्तीस वर्षांपूर्वी ते लिफ्ट बसवायला लागले, गुडघे गेले तेव्हा त्यांना खुर्ची दिली आणि खुर्ची दिल्यावर काम द्यायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सकाळी ते आलेली पत्रं वर-खाली लावायचे, दुपारी स्वतः वर-खाली व्हायचे. मान खाली, मग झटकन वर, मग पुन्हा खाली. निवृत्तीला दोन वर्षं होती.

आणि ताईच्या टाचणीला एकही धागा नव्हता. एकही नाही. ती टाचणी बोर्डाच्या कोपऱ्यात उघडीबोडकी उभी होती.

हे कसं झालं ते त्या माणसांना ओळखणाऱ्यालाच कळेल. बाहेरच्या माणसानं लगेच म्हटलं असतं की ही काय कृतघ्न माणसं. तसं नव्हतं. उलट चांगुलपणाचा कहर झाला होता. प्रत्येकानं चिठ्ठी लिहिताना मनाशी विचार केला: ताईला काय, सगळेच देतील, तिला धागे ठेवायला जागा पुरणार नाही. पण बिचाऱ्या काकांना कोण देणार? एक आपण देऊ. म्हातारा तेवढाच खूश होईल. असा विचार वेगवेगळ्या अकरा डोक्यांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून, डोळ्यांत पाणी आणून केला. त्यातलं एक डोकं ताईचं स्वतःचं होतं. तिनं तर काकांचं नाव पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं.

निकाल लागल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. “तू नाही दिलास?” “मला वाटलं तू दिला असशील.” “अहो, मला वाटलं तुम्ही!” पण हे सगळं कुजबुजीत. कारण खिडकीजवळ काका ताठ बसले होते. त्या दिवशी दुपारी त्यांची मान एकदाही खाली गेली नाही. त्यांनी घरी फोन करून हळूच सांगितलं, “अगं, अकरा. हो, अकरा. मालकीणबाईंच्या खालोखाल.” त्या फोननंतर कुणाची प्राज्ञा होती खरं सांगायची?

जोडणीतज्ज्ञ मात्र आकड्यांचे पक्के होते. शून्य धाग्यांची व्यक्ती म्हणजे ‘सुटा बिंदू’. सुट्या बिंदूला नव्या जागी नवी नाती जोडायची संधी द्यावी, असं त्यांच्या तक्त्यात होतं. ती संधी म्हणजे नदीपलीकडची शाखा, दुपारी दोन ते रात्री दहा, एक तारखेपासून. फोनवर दुसरं कुणीही बसू शकेल. ज्ञान वाटलेलंच आहे.

“शुक्रवारी दुसरी फेरी आहे,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “तोवर नाती जोडा, ताई. माणसांत मिसळा.”

आठ वर्षं रोज अनोळखी माणसांचा जीव थाऱ्यावर आणणाऱ्या बाईनं माणसांत मिसळायचं ठरवलं.

पहाटे नवरा आला तेव्हा ती पोरीला मांडीवर घेऊन जागीच होती. त्यानं शाईचे हात धुता धुता सगळं ऐकलं.

“दोन ते दहा? मग हिला कोण आणणार?”

“तेच म्हणतेय.”

“मी दिवसपाळी मागून बघतो.”

“गेल्या वर्षी मागितली होतीस. मुकादम काय म्हणाला?”

“म्हणाला, वर्तमानपत्र दिवसा छापायला लागले की पहिला तुलाच बोलावतो.”

दोघं हसली, आणि मग हसायचं थांबली. पाळणाघर सहाला बंद व्हायचं. रात्री दहापर्यंत पोर ठेवायला त्यांच्याकडे ना आजी होती ना शेजार. म्हणजे नोकरी सोडायची, एवढंच उरत होतं. पोरीनं झोपेत तिचं बोट मुठीत धरलं होतं, तिला तर ही जोडणी आधीच येत होती.

“तुझ्या लोकांना सांग ना सरळ,” नवरा म्हणाला. “काकांना दिलेले धागे तुझे होते म्हणून.”

“आणि काकांचं काय? दोन वर्षं राहिलीत त्यांची. त्यांनी घरी फोन करून सांगितलंय रे.”

शुक्रवार उजाडला. दरम्यान भांडारवाली तिला तीनदा भेटून गेली होती. “या वेळी काळजीच करू नकोस, ताई. मी सगळ्यांना दम दिलाय. पहिला धागा माझा, लगेच तुझ्याकडे.”

“सगळ्यांनी माझ्याकडेच टाकला तर काकांना कोण?”

“आता काकांचं नाव काढलंस तर बघ. त्या दयेपायी तर घात झाला.”

दुसरी फेरी बोर्डावर नव्हती, प्रत्यक्ष होती. मोठ्या दालनात तेरा खुर्च्या गोल मांडल्या, कारण एक मेकॅनिक अर्ध्या रजेवर होता. एक लोकरीचा गुंडा. ज्याच्या हातात गुंडा, त्यानं दुसऱ्याकडे बघून म्हणायचं, ‘मी तुमच्याशी जोडलेला आहे, कारण...’ आणि गुंडा टाकायचा, पण आपला धागा हातात ठेवायचा. शेवटी जाळं तयार. “एकच नियम,” जोडणीतज्ज्ञ खुर्चीवर चढून म्हणाले, “काहीही झालं तरी धागा सोडायचा नाही. जो सोडेल तो तुटला. ज्याच्या हाती शेवटी धागा नाही, तो सुटा.”

फोनचं काय, असं ताईनं विचारलं. त्याचीही व्यवस्था झाली होती. तासाभरासाठी फोनला त्यांनी स्वतःच्या आवाजात संदेश लावला होता: ‘आम्ही सध्या एकमेकांशी जोडले जात आहोत. कृपया धीर धरा.’

गुंडा फिरायला लागला. “मी तुमच्याशी जोडलेला आहे, कारण तुम्ही मोठ्या बाई आहात,” असं कुणी प्रामाणिकपणे म्हणालं. काकांकडे तर गुंडा चारदा आला, कारण मंगळवारी हृदय ठरलेल्या माणसाला शुक्रवारी वगळायचं धैर्य कुणाला होईना. त्यांनी प्रत्येक धागा मनगटाला गुंडाळून घेतला. अखेर गुंडा भांडारवालीच्या हाती आला. तिनं ताईकडे बघून डोळा मारला आणि हात उगारला. “मी तुझ्याशी जोडलेली आहे, कारण...”

आणि दालनाच्या भिंतीवरचा लाल दिवा पेटला. कुणीतरी कुठेतरी अडकलं होतं.

ताईनं दिव्याकडे पाहिलं, गुंड्याकडे पाहिलं. गुंडा चार हातांवर होता.

“दिव्याकडे लक्ष देऊ नका,” जोडणीतज्ज्ञ म्हणाले. “संदेश लावलाय.”

ती उठली. उठताना तिला पुरतं ठाऊक होतं की ती कुठल्या पाळीत चालली आहे.

फोनवर एक आजीबाई होत्या आणि त्या तापलेल्या होत्या. “कोण? माणूस आहेस ना? इतका वेळ कुणी बाप्या सांगतोय, आम्ही जोडले जातोय, धीर धरा. जोडून झालं का तुमचं, की अजून चाललंय?”

“झालं, आजी. बोला. कुठे आहात?”

“तळ्यासमोरची पिवळी इमारत. चौथ्याच्या वर आणि पाचव्याच्या खाली. अगं, मला अडकल्याचं काही नाही, मी एकटी राहते, मला सवय आहे. पण दोन मिनिटांत येते म्हणून पत्रपेटी बघायला उतरले आणि गॅसवर दूध ठेवलंय. किल्ली माझ्या हातात!”

ताईला पुढचं सगळं दिसलं. दूध उतू जाईल, ज्योत विझेल, गॅस तसाच चालू राहील. “आजी, दुधाचं मी बघते. तुम्ही फोन ठेवू नका. मला सांगा, दूध किती होतं?”

“लिटरभर. का? तुला पाठवू?”

एका हातानं फोन धरून तिनं मेकॅनिकांची यादी काढली, आणि मग आठवलं. पिवळ्या इमारतीचं पान वहीत होतं. वही कुठे होती? वही सगळ्यांत वाहत होती.

ती दाराशी येऊन ओरडली, “पिवळी इमारत, तळ्यासमोरची! पान कुणाकडे आहे? गॅस चालू राहिलाय घरात!”

गोलातली बारा माणसं अर्धवट उठली. “बसा!” जोडणीतज्ज्ञ ओरडले. “सोडू नका! सोडलं की तुटलं!”

माणसं बिचारी उठावं की बसावं अशी लोंबकळली. पण डुलकीकाका उभे राहिले आणि चालायला लागले. पिवळ्या इमारतीचं नाव ऐकल्याबरोबर त्यांच्या गुडघ्यांत कुठून बळ आलं कोण जाणे. धागा त्यांनी सोडला नाही. चार वेढे मनगटाला होते, सोडता येतच नव्हता. आणि बाकीच्यांनीही सोडला नाही, कारण सोडलं की तुटलं. परिणामी अख्खी कंपनी, मोठ्या बाईंसकट, खुर्च्या पाडत काकांच्या मागे ओढली गेली. दारात भांडारवाली आणि मोठ्या बाई एकाच वेळी अडकल्या. “तुम्ही आधी, बाई.” “नाही, तू हो.” “अहो, मागून ओढतायत!” अशी ती लोकरीची वरात ताईच्या चिमुकल्या खोलीत येऊन थडकली.

“माझ्या टेबलाच्या पायाखाली आहे ते पान!” भांडारवालीला आठवलं. “पहारेकऱ्याचा नंबर त्यावर आहे!”

“पायाखालून काढ ना मग!”

“हात कुठे मोकळाय?”

“पान राहू दे,” काका म्हणाले. त्यांचा असा आवाज त्या कंपनीत कित्येक वर्षांत कुणी ऐकला नव्हता. “ती लिफ्ट मी बसवलीय. जिन्याखाली गॅसची मीटरं आहेत, त्यांच्या डावीकडे लाल दांडी. आडवी केली की अख्ख्या इमारतीचा गॅस बंद. खालच्या दवाखान्यात फोन करा, तिथला माणूस बाराही महिने दारात उभा असतो. दवाखान्याचा नंबर बदलला नसेल तर मला पाठ आहे.”

नंबर बदलला नव्हता. रजांच्या नोंदी ठेवणाऱ्या कारकुनाला आठवलं की एक मेकॅनिक आज अर्ध्या रजेवर दातासाठी त्याच भागात गेलाय. मोठ्या बाईंनी धागेबंद हातानंच त्याला फोन लावला. दवाखान्यातला माणूस जिन्याखाली धावला. आणि या सगळ्या गलक्यात ताई फोनमध्ये शांतपणे म्हणत होती, “हो आजी, गॅस बंद झाला. नाही, दूध काही वाचलं नसेल. पातेलं? पातेलं बहुतेक काळं झालंय.”

“मेलं ते पातेलं. सासूनं दिलेलं होतं. सुटले एकदाची.”

बारा मिनिटांत, एका गालाला सूज असलेल्या मेकॅनिकनं आजीबाईंना पाचव्या मजल्यावर बाहेर काढलं. खोलीत सगळे जाळ्यात गुरफटलेलेच टाळ्या वाजवायला गेले आणि एकमेकांच्या हातांना हिसके बसले.

“अप्रतिम!” जोडणीतज्ज्ञ फोटो काढत म्हणाले. “हेच! हेच तर मी सांगत होतो!”

मोठ्या बाई कोपऱ्यातून म्हणाल्या, “हिच्या हातात धागे किती?”

“शून्य. त्या वर्तुळ सोडून गेल्या, म्हणजे नियमाप्रमाणे तुटल्या.”

“आणि मंगळवारी?”

“मंगळवारीही शून्य.”

“आणि आपण सगळे या क्षणी कुणाच्या खोलीत उभे आहोत?”

जोडणीतज्ज्ञांनी तक्त्यात उत्तर शोधलं. तिथे नव्हतं. भांडारवालीला मात्र आता दम निघेना. “अहो बाई, तिला कुणी दिला नाही, कारण सगळ्यांना वाटलं तिला सगळे देतील! आणि काकांना दिले ते...” एवढं बोलून तिनं जीभ चावली. पण बोललेलं थोडंच परत गिळता येतं.

काकांनी हळूहळू मान वर केली. “काकांना दिले ते काय?”

ताई पटकन म्हणाली, “काही नाही हो काका. तिचं काहीतरीच.”

“म्हणजे कीव केलीत.” काकांनी मनगटावरच्या वेढ्यांकडे बघितलं. “अकरा जणांनी. मी घरी सांगितलं, पोरी. बायकोनं मेव्हण्याला सांगितलं.”

“मीपण दिला होता, काका,” ताई म्हणाली. पुन्हा खोटं बोलायला तिला जमलं नसतं, फोनवर जमायचं पण समोर नाही. “मीपण कीव म्हणूनच दिला होता. माझं चुकलं. छत्तीस वर्षं कुठल्या इमारतीत काय आहे ते तुमच्या डोक्यात आहे आणि मी ते एकदाही विचारलं नाही. वही मी पहारेकऱ्यांना विचारून विचारून लिहिली, तुम्हाला सोडून.”

काकांनी मनगटावरचा एक वेढा सोडवायला घेतला. मग म्हणाले, “मला कुणी काम सांगतच नाही. झोपू नको तर काय करू?”

मोठ्या बाईंनी हातातला धागा खाली ठेवला. त्यांच्यासारख्या बाईला चूक झाली असं म्हणणं अवघड असतं, म्हणून त्यांनी नुसते हुकूम दिले. ताई आहे तिथेच, आहे त्याच वेळेला. वहीची पानं आजच्या आज परत. काकांची खुर्ची खिडकीपासून हलवून फोनशेजारी. पाचनंतर फोन ते घेतील. जोडणीतज्ज्ञांना पुढचा आठवडा मोकळा आहे. शेवटचं वाक्य त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं. जोडणीतज्ज्ञांनी नंतर आपल्या अहवालात लिहिलं की प्रयोग अपेक्षेपलीकडे यशस्वी झाला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

पाच वाजले. ताईनं फोनचं कानाला लावायचं यंत्र काकांच्या डोक्यावर चढवलं. ते त्यांनी उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. “कुठल्या कानात ऐकू येतं हे?” तेवढ्यात दिवा लागला. ती पर्स खांद्याला अडकवून दारात थांबली. जायला हवं होतं, पण पाय निघेना.

“बोला,” काका गरजले. पलीकडचा माणूस बहुधा आणखी घाबरला. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “नाव सांगा तुमचं. हां. आत किती जण आहात? दोघं? मग बरं झालं, बोलायला सोबत आहे.” मजला विचारायचं ते विसरले. तिनं बोट वर करून खूण केली. “आणि मजला?” काकांनी विचारलं, आणि पान न बघता पेन उचललं.

ती पाळणाघरात पोचली तेव्हा सहाला तीन मिनिटं कमी होती. पोरगी जाळीला नाक लावून उभी होती आणि पाळणाघरवाल्या मावशी कुलूप हातात घेऊन तिच्या मागे.

“आज कधी नाही तो उशीर?”

“नवीन माणूस आलाय फोनवर, मावशी. त्याला शिकवत होते.”

“तरुण आहे का? शिकेल पटकन?”

ताईनं पोरीला उचलून कडेवर घेतलं. “अठ्ठावन्नचा आहे,” ती म्हणाली. “पण काम सांगितलं की जागा राहतो.”